परग्रहावरची स्लिपर

प्रिय सई आणि अर्णव,

परवा तुम्ही दोघांनी मला फोनवर एक चित्रफीत पाठवलीत. जगातल्या वाईटात वाईट अंतराळपटांमधले विनोदी प्रसंग कुणीतरी एकापुढे एक जोडले होते. त्यातला एक पाहून अर्णवने विचारलं होतं, की आजी, हा किनारा तुमच्याकडचा वाटतो, तू ओळखतेस का. प्रसंग एवढाच आहे: अंगाला हिरवा रंग फासलेले परग्रहावरचे सैनिक वाळूवर रांगेत उभे आहेत. सगळे अनवाणी. फक्त एकाच्या पायात निळ्या पट्ट्यांची रबरी स्लिपर आहे. राजा पृथ्वीच्या विनाशाची घोषणा करत असताना हा सैनिक कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी बघतो आणि हसतो. तिथे चित्र थांबवून स्लिपरभोवती लाल वर्तुळ काढलं आहे, आणि खाली देशोदेशीच्या लोकांनी हसून घेतलं आहे.

ओळखते. किनारा ओळखते, सैनिक ओळखते आणि स्लिपरसुद्धा ओळखते. तुम्ही हसलात यात काही वावगं नाही. त्या जागी मीही दर वेळी हसले आहे. पण तो सैनिक ज्यांच्याकडे बघून हसतो आहे त्यांना ओळखणारी माणसं आता फार राहिलेली नाहीत, आणि माझंही वय झालं. म्हणून आत्ताच लिहून ठेवते. मी सगळं क्रमाने सांगणारी बाई आहे हे तुम्ही जाणता. पण या माणसाला क्रम लावायला गेलं की तो हातातून निसटतो, तेव्हा आठवेल तसं लिहिते.

ते आमचे घरमालक. मुरूडच्या अलीकडे एका गावात तुमच्या आजोबांची बँकेत बदली झाली, आणि तिथल्याच शाळेत मला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. राहायला जागा मिळाली ती शाळेतल्या विज्ञानाच्या सरांच्या घराची माडी. म्हणजे दिवसा सहकारी आणि संध्याकाळी घरमालक. आम्ही त्यांना सर म्हणायचो, गाव मास्तर म्हणायचं. पुढे आम्ही शेजारच्या आळीत स्वतःचं घर बांधलं, तरी त्यांच्या घरी जाणं सुटलं नाही.

सर चुका काढायचे. हे वाक्य फार साधं झालं. काही माणसं पान खातात, काही देवाला जातात, तसं सर चुका काढायचे. लग्नाची पत्रिका आली की लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवायचे, आणि वर लग्नालाही जायचे. एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकात खडूने बदल करायचे. ग्रहणाच्या दिवशी देवळातल्या गुरवाला मोक्षाची वेळ सुधारून द्यायचे. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, आमटीत मीठ जास्त आहे असं ते म्हणत नसत; मीठ उशिरा पडलं आहे, असं म्हणत. माझ्या इंग्रजी उच्चारांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यात अर्ध्या वेळा चूक त्यांचीच असायची, पण आपण चुकू शकतो या कल्पनेची त्यांना सवय नव्हती. वहिनी एकदा कणीक मळता मळता मला म्हणाल्या, "ह्यांना देव भेटला ना, तरी आधी त्याचं शुद्धलेखन तपासतील."

आम्ही दोघी हसलो. मग वहिनी पुन्हा कणकेकडे वळल्या. त्या घरात हसणं तेवढ्यावरच थांबायचं.

त्यांना एकच मुलगा, नंदू. उंच, सावळा, हसरा, हाताने काहीही दुरुस्त करणारा आणि परीक्षेत कशातही नापास होऊ शकणारा. तुमच्या बाबाची पहिली सायकल त्यानेच उभी केली, कुणाच्या तरी मोडक्या दोन सायकलींतून एक. सरांनी ती पाहून ब्रेक डावीकडचा उजवीकडे लागल्याचं सांगितलं होतं. खरंच लागला होता.

आता सिनेमा.

नंदू कॉलेजात होता त्या वर्षी मुंबईहून एक मंडळी आली. अंतराळातल्या एका राजाचा ग्रह वाळून गेला आहे, म्हणून तो पृथ्वीवरचा समुद्र चोरायला येतो, अशी गोष्ट. त्याला अडवणारा नायक शास्त्रज्ञ होता आणि गातही होता. राजाचा वाळलेला ग्रह म्हणून त्यांनी आमचा किनारा निवडला, ओहोटीला उघडा पडणारा काळा खडक बघून. मागे माडांची रांग होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही. यान प्लायवुडचं, वरून चंदेरी रंग. यंत्रमानव म्हणजे वॉशिंग मशीनचं आतलं पिंप घातलेला एक घामाघूम माणूस. गावातल्या पोरांना हिरवा रंग लावून सैनिक केलं होतं.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती पूर्ण, अष्टमी असेल तर सहा वाजता. पंचांग आणि बोटं एवढ्यावर कोळी, गाडीवाले, शिंपल्या वेचणाऱ्या बायका, सगळ्यांचं चालतं. सर हे सातवीच्या मुलांना चंद्राच्या आकृत्या काढून शिकवायचे. त्यांनी शिकवलेली पोरं दुसरं सगळं विसरली, पण पाऊणपट विसरली नाहीत.

तर सर छत्री घेऊन किनाऱ्यावर गेले आणि त्यांनी दिग्दर्शकाला भरतीची वेळ सांगितली. तो म्हणाला, "पानी हम अॅडजस्ट कर लेंगे, मास्टरजी."

हे वाक्य सरांनी मला निदान शंभरदा सांगितलं असेल, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. कारण पाणी अर्थातच अॅडजस्ट झालं नाही. राजा आणि शास्त्रज्ञ यांचं एक संभाषण आहे, दिवसभर त्याचं चित्रण चाललं. सिनेमात राजा बोलतो तेव्हा वाळू कोरडी असते, शास्त्रज्ञ उत्तर देतो तेव्हा पाणी गुडघ्याशी असतं, राजा पुन्हा बोलतो तेव्हा पुन्हा कोरडं. एका वाक्यात समुद्र येतो आणि जातो. संध्याकाळच्या भरतीने यानाचं दार नेलं, ते दुसऱ्या दिवशी कोळीवाड्याजवळ सापडलं आणि सरांनी ते घरी आणून विहिरीवर झाकण म्हणून ठेवलं. पुढच्या सिनेमाभर यानाला दाराऐवजी ताडपत्री आहे.

आणि ती स्लिपर. आदल्या दिवशी खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांच्या धारेने नंदूचा तळपाय कापला होता, म्हणून वहिनींनी त्याला स्लिपर घालूनच पाठवलं. सर कॅमेऱ्याच्या बाजूला उभे होते. चित्रण चालू झालं आणि सरांना चूक दिसली. त्यांनी छत्रीच्या टोकाने नंदूच्या पायांकडे बोट दाखवल्यासारखं केलं, दोनतीनदा, डोळे वटारून. नंदूने वडिलांकडे बघितलं आणि त्याला हसू आवरलं नाही. पाणी चढत होतं, पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता. ते तसंच राहिलं.

सिनेमा थिएटरात कधी लागल्याचं मला आठवत नाही. काही महिन्यांनी त्याची सीडी मुरूडच्या बाजारात मिळाली. ती सरांनी घेतली.

आता तुम्हाला कळायला हवं की सर गावात विज्ञानाचे पहारेकरी होते. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना ते वर्गाबाहेर उभं करायचे. फलज्योतिषाच्या पुस्तकाला हात लावायचे नाहीत. त्यांनी हा सिनेमा बघणं म्हणजे भटजीने चोरून बोंबील खाणं. म्हणून रविवारी जेवणं झाली की पडवीचं दार लागायचं, खिडकीला चादर लागायची, आणि सूर्यमालेवरच्या शैक्षणिक सीडीच्या वेष्टनातून ही सीडी बाहेर यायची. आम्हाला पहिल्यांदा कळलं ते माडीच्या लाकडी जमिनीतून वर येणाऱ्या आवाजाने. राजाचं हास्य आणि सरांचं हास्य, एकाच वेळी. मी खाली गेले, तर सर चपापले. म्हणाले, चुका शोधतोय, मुलांना दाखवायला उपयोगी पडतील. मी खुर्ची ओढून बसले.

खरं सांगते, मला तो सिनेमा आवडतो. आयुष्यभर मी मुलांना चांगलं काय ते शिकवलं, चांगल्या पुस्तकांतली चांगली पानं पाठ करून घेतली. आणि रविवारी दुपारी खिडकीला चादर लावून राजाची दाढी वाऱ्याने सुटताना बघितली. तुमच्या आजोबांना मी सांगायचे की वहिनींकडे पापड लाटायला जाते. आमच्या घरी कधी पापड आले नाहीत, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पण मी तिथे बसायची ती सिनेमापेक्षा सरांसाठी. त्या दोन तासांत ते दुसरेच असत. परग्रहाच्या क्षितिजावरून लाल एसटी जाते तेव्हा ते मांडीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "असू दे, असू दे." यानाला टांगलेली मासेमारीची दोरी दिसली की "असू दे, मेहनत बघा किती घेतलीय बिचाऱ्यांनी." राणीच्या नाकात आमच्याच पद्धतीची मोत्याची नथ. "असू दे." आणि स्लिपर आली की त्यांना हसताना डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तोच शब्द, जरा हळू. तो शब्द मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल कधी ऐकला नाही. वहिनी आतून दारात येऊन उभ्या राहायच्या, सिनेमा बघायला नाही, तो शब्द ऐकायला. एकदा मला म्हणाल्या, आठवडाभर पुरवते मी तेवढं.

नंदू शेवटच्या वर्षी बीएस्सीला बसला आणि नापास झाला, तेही भौतिकशास्त्रात. गावी परत आला. तेव्हा आमच्या बाजूला पर्यटक वाढू लागले होते. त्याने एका मित्राबरोबर एक जुनी जीप घेतली आणि लोकांना ओहोटीला समोरच्या बेटावर नेऊ लागला. बेटावर एक जुनी बत्ती, म्हणजे दीपगृह, आहे आणि एक पीर. ओहोटीला तिथवर वाळूची वाट उघडी पडते. धंदा बरा चालला. पोरगा गोड बोलायचा, लोकांना भरतीची पाऊणपट समजावून सांगायचा, आणि सांगताना म्हणायचा की हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं.

तुम्ही तिकडे फोनवर भरती बघता, तुम्हाला ही चूक विचित्र वाटेल. आमच्याकडे ती कुणाच्याही हातून होऊ शकते आणि कधी ना कधी होते. पंचांगात कधीकधी एकच तिथी दोन दिवस येते. वहिनींची एकादशी झाली तिथून नंदूने बोटांवर दिवस मोजले. दिवस मोजले, तिथ्या मोजल्या नाहीत. मध्ये द्वादशी दोन दिवस होती. म्हणजे त्याचा हिशेब एका तिथीने पुढे गेला, आणि पाणी त्याच्या हिशेबापेक्षा पाऊण तास आधी वळलं.

जीपमध्ये पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यात एक म्हातारी बाई. वाटेच्या मध्यावर चाकं वाळूत बसली आणि दोन्ही बाजूंनी पाणी आलं. कोळीवाड्यातल्या एका नाखव्याने होडी घातली आणि सगळ्यांना उचललं. नंदू शेवटी होडीत चढला, म्हातारीला खांद्यावर घेऊन. जीप तिथेच राहिली.

नाखवा नंदूला घरापर्यंत घेऊन आला. आम्ही सगळे पडवीत उभे होतो. तो म्हणाला, "मास्तर, एकबी मानूस बुडला न्हाय. गाडीचं काय, लोखंड हाय ते."

सर म्हणाले, "गाडी नाही बुडाली. हिशेब बुडाला."

मग नंदूकडे वळले. त्याच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं, दात वाजत होते. सरांनी विचारलं, "आज तिथी काय, नंदू?"

तो म्हणाला, चतुर्दशी. सर आत गेले, भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली आणि त्याच्यापुढे धरली. "त्रयोदशी."

वहिनी म्हणाल्या, आधी त्याला पंचा द्या. तो शेवटी मी दिला.

गावाने हसून घेतलं. पाऊणपट शिकवणाऱ्या मास्तरांच्या पोराला पाऊण तास चुकला, हे वाक्य न्हाव्याच्या दुकानापासून मच्छीबाजारापर्यंत फिरलं. पण गाव पंधरा दिवस हसतं आणि विसरतं. नाखव्याने तर नंदूला होडीवर कामाला ये म्हणून सांगितलं, पुढच्या वेळी बोटं माझी वापर, असं म्हणून. विसरले नाहीत ते सर. त्या दिवसापासून नंदू बाहेरून घरात आला की ते विचारायचे, "आज तिथी काय?" जेवायला बसला की, पाहुणे आले की, दुकानातून साखर घेऊन आला की. आवाज कधी चढवला नाही. शिव्या दिल्या नाहीत. एकच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. नंदू उत्तर द्यायचा. पुढे पुढे तो पंचांग बघूनच घरात पाऊल टाकायचा.

वहिनी एकदा त्यांना म्हणाल्या, अहो, पुरे करा. सर म्हणाले की मी त्याला काही बोललोय का, तिथी तर विचारतो.

म्हसळ्याहून एका मुलीकडची माणसं आली होती. चांगली माणसं, मुलगी शिकलेली. मीच चहा नेला. गप्पा रंगल्या असताना सरांनी विचारलं, "आज तिथी काय, नंदू?" मुलीच्या वडिलांना वाटलं मुहूर्ताचं चाललंय, ते कौतुकाने बघू लागले. मग सरांनी त्यांना सगळं सांगितलं. द्वादशी, चतुर्दशी, जीप, म्हातारी. नीट, क्रमाने, वर्गात सांगावं तसं. नंदू ऐकत उभा होता. मंडळी चहा पिऊन गेली, आणि त्यांच्याकडून निरोप आला नाही.

महिन्याभरात नंदू आखातात नोकरीला गेला. तुमचे आजोबा त्याला रेवसपर्यंत पोचवायला गेले होते. तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला आणि पुढे विमानतळावर. ओहोटी असल्यामुळे लाँच धक्क्याला लागत नव्हती, थांबावं लागलं. नंदू तुमच्या आजोबांना म्हणाला, "काका, बघा, हेही मला आधी कळायला हवं होतं." आजोबा ते घरी सांगताना हसले नाहीत.

सर रविवारी सिनेमा बघत राहिले. आता स्लिपर आली की ते चित्र थोडं थांबवून ठेवायचे. मग म्हणायचे, "असू दे," आणि पुढे जाऊ द्यायचे. मी तिथे बसलेली असायची आणि मला त्यांचा राग यायचा. तो राग अजून गेलेला नाही, हे तुम्हाला वाचताना जाणवेलच.

काही वर्षांनी वहिनी गेल्या. नंदू आला. त्याने सगळं केलं, तेराव्यापर्यंत राहिला. सरांनी त्या दिवसांत तिथी विचारली नाही; मला वाटलं, आता संपलं. तेराव्यानंतरचा रविवार आला. नातेवाईक गेले होते. मी दुपारचं जेवण घेऊन गेले होते. जेवणं झाली आणि सर उठले, पडवीचं दार लावलं, खिडकीला चादर लावली. त्या चादरीला वहिनींनी स्वतः नाड्या शिवलेल्या होत्या. नंदूने खुर्ची ओढली. आम्ही तिघं बसलो. एसटी गेली. यानाच्या दाराची ताडपत्री झाली. सर हळूहळू हसायला लागले, नंदूही हसला. बापलेक एकत्र हसताना मी त्या घरात क्वचित पाहिले होते, आणि मला वाटत होतं की कुणी मध्ये बोलू नये.

स्लिपर आली. सरांनी चित्र थांबवलं आणि म्हणाले, "असू दे."

नंदू म्हणाला, "अप्पा, तो मी आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग त्याला म्हणता ते एकदा मला म्हणा."

सर पडद्याकडेच बघत होते. पडद्यावर तो हिरवा पोरगा त्यांच्याकडे बघून हसत थांबलेला होता. माझ्या मांडीवर रिकामा डबा होता, त्याचं झाकण मी धरून ठेवलं होतं, ते मला आठवतं. एवढं सोपं होतं. दोन शब्द होते, आणि नुकतेच तोंडातून गेलेले.

सर म्हणाले, "सिनेमा माझं नाव लावत नाही, नंदू. तू लावतोस."

आणि त्यांनी सिनेमा पुढे चालू केला.

नंदू उठून गेला नाही. शेवटपर्यंत बसला. राजा मेला, समुद्र वाचला, शास्त्रज्ञाने गाणं म्हटलं. मग नंदूने खिडकीवरची चादर काढली, घडी केली, कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेला. सर फाटकापर्यंत गेले आणि त्याच्या बॅगेचा पट्टा उलटा लागला आहे असं म्हणाले. त्याने तो सुलट केला.

त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी सरांना एकदा सांगून पाहिलं, की फोन करा. त्यांचं म्हणणं पडलं की त्याने अजून चूक कबूल केलेली नाही. मी म्हटलं, सर, रोज तिथी सांगत होता ना तो, आणखी काय कबूल करायचं असतं. सर म्हणाले की ते उत्तर झालं, कबुली नव्हे. मग त्यांनी माझ्या पिशवीचा बंद चुकीचा बांधल्याचं मला दाखवलं.

आमच्याकडे मोठं चक्रीवादळ झालं तेव्हाची गोष्ट. सरांची वाडी आडवी झाली, सुपारी सगळी गेली, माडही फार थोडे राहिले. दोन दिवसांनी मी वाट काढत गेले, तर सर पडलेल्या झाडांमध्ये उभे होते आणि चेहऱ्यावर तेच रविवारचं हसू. म्हणाले, "बाई, यानाचं दार उडालं! विहिरीवरून उचललं गेलं आणि थेट देवळाच्या आवारात. शेवटी एकदा उड्डाण केलं त्याने." आम्ही दोघं त्या पडझडीत उभं राहून हसलो. मग ते म्हणाले, "हे नंदूला सांगायला हवं."

"सांगा ना," मी म्हटलं. माझ्या हातात फोन होता, तेव्हा रेंज परत आलेली होती. मी तो पुढे केला. सरांनी फोनकडे बघितलं, मग पडलेल्या एका माडाकडे बघितलं, आणि तलाठी पंचनाम्यात कुठे चुकला ते मला सांगू लागले.

लोक म्हणतात, मनात माया होती हो मास्तरांच्या. असेल. मी स्वतः ती खुर्चीत बसून पाहिली आहे, खिडकीला चादर लावून. पण चुकलेल्या सिनेमावर जी करता येते आणि चुकलेल्या मुलावर करता येत नाही, तिचा त्या मुलाला काय उपयोग झाला हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी त्यांचे गुण विसरले नाही. गावातल्या किती पोरांना त्यांनी फुकट शिकवलं, तुमच्या बाबाचं गणित त्यांनीच सुधारलं. पण वहिनी आठवड्याला दोन शब्दांवर जगल्या, आणि नंदूला तेवढेही मिळाले नाहीत.

सर गेले ते सकाळी, खुर्चीत, वर्तमानपत्र हातात. पेनचं टोपण उघडं होतं. नंदूला फोन मी केला. सर गेले, एवढंच सांगितलं. मग त्याने विचारलं, "काकू, आज तिथी काय आहे?"

श्राद्ध तिथीने करायचं असतं, तेव्हा प्रश्न रास्तच होता. मी भिंतीवरची दिनदर्शिका बघून सांगितली.

"नीट बघितलीत ना? दोन दिवस नाही ना ती?"

मी पुन्हा बघितली. एकच दिवस होती. तो बरं म्हणाला.

अग्नी पुतण्याने दिला. नंदू दुसऱ्या दिवशी पोचला आणि पुढचं सगळं त्याने केलं, एकही चूक होऊ दिली नाही. सरांना बोलायला जागा ठेवली नाही त्याने. जाताना मी त्याला सूर्यमालेचं वेष्टन दिलं. त्याने ते उघडून बघितलं, बंद केलं, आणि माझ्या हातात परत दिलं. म्हणाला, "तुमच्याकडेच असू दे, काकू."

तो शब्द त्याच्या तोंडून आला हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो क्षणभर थांबला. मग फाटकातून बाहेर गेला.

आता घर नाही, तिथे लॉज आहे. वाडी नाही, तिच्या जागी गाड्या लागतात. नंदू अजून तिकडेच आहे, दिवाळीला मला फोन करतो, इकडे येत नाही. सीडी माझ्या कपाटात आहे, पण ती चालत नाही. चरे पडले आहेत आणि चालवायला यंत्रही नाही. सिनेमा मात्र आहे. तुमच्या फोनवर आहे, सगळ्या जगाच्या फोनवर आहे, अख्खा, एकही चूक न सुधारलेला. त्यात पाणी चुकीच्या वेळी येतं आणि जातं, मागून एसटी जाते, आणि स्लिपर घातलेला मुलगा वडिलांकडे बघून हसतो. वडील त्यात दिसत नाहीत. ते कॅमेऱ्याच्या बाजूला उभे होते.

तुमची,
आजी